कयाकवरून समुद्रात गरवायचंय? मग पहिल्या काही फेऱ्या रॉड घरीच ठेवा

प्रश्न असा आहे: तीनेक वर्षं किनाऱ्यावरून आणि खडकांवरून गरवतोय, पोहता येतं, आता कयाक घेऊन समुद्रात जायचंय. कुठली घेऊ, दहा फुटी चालेल का, फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे आणि तळ दाखवणारं यंत्र, लगेच लागतो का, आणि किती आत जायचं.

उत्तर लांब होणार आहे, निवांत वाचा. आणि विचारलेल्या चार गोष्टींच्या आधी मी न विचारलेली पाचवी घेणार आहे. पाण्यात पडलात तर परत वर कसे चढणार? चौदा वर्षांत माझ्याबरोबर नवीन आलेल्या जितक्या लोकांना मी हे विचारलं त्यातल्या बहुतेकांचं उत्तर एकच, "पोहता येतं ना मला". पोहता येणं आणि भिजलेल्या कपड्यांत, लाइफ जॅकेट घालून, हलत्या कयाकवर पाण्यातून चढता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी येत नसेल तर पहिलीचा उपयोग फक्त जास्त वेळ तरंगायला.

माझं स्वतःचं सांगतो. तिसरी की चौथी फेरी असेल, सकाळची वेळ, पाणी अगदी ताटात ओतल्यासारखं सपाट. गळ काढायला पक्कड हवी होती, ती मागच्या क्रेटमध्ये. मी कमरेतून मागे वळलो, उजवा हात लांब केला, सगळं वजन एका कुल्ल्यावर गेलं, आणि कयाक इतकी सावकाश कलली की मला वाटलं अजून सावरता येईल, असं वाटेपर्यंत कानात पाणी. वर आलो तर टोपी एकीकडे, वल्हं दुसरीकडे चाललंय, नवा कोरा रॉड तळाशी गेलेला आणि पक्कड मात्र हातात घट्ट. तिथून चढायला मला किती प्रयत्न लागले ते मोजायच्या मनःस्थितीत मी नव्हतो पण शेवटी जमलं तेव्हा हात थरथरत होते आणि कयाकवर पालथा पडून नुसता श्वास घेत होतो. किनारा दीडशे मीटरवर होता म्हणून ठीक. म्हणून आता पक्कड, कात्री, चाकू सगळं छातीच्या खिशात किंवा दोन पायांच्या मध्ये, मागे वळून काढावं लागेल असं काही नाहीच.

तर चढायचं कसं. छातीएवढ्या शांत पाण्यात जा, सोबत एक माणूस ठेवा, आणि मुद्दाम कयाक उलटी करा. एका बाजूच्या मधल्या हँडलला एक पट्टा बांधलेला असू द्या. उलटी झाली की तो पट्टा तळावरून आपल्याकडे ओढून घ्यायचा, गुडघे कडेला टेकवायचे आणि मागे रेलायचं, ती आपल्या अंगावर सरळ होते, डोकं सांभाळा. सरळ झाली की सीटच्या बाजूला यायचं, दोन्ही हात वर टाकायचे, आणि आता महत्त्वाचं म्हणजे लगेच हातांनी वर खेचायला जायचं नाही, आधी पाय मारून अंग पाण्यावर आडवं करायचं, पोहताना असतं तसं. मग एक जोरदार लाथ आणि कयाक आपल्या पोटाखाली ओढून घ्यायची. पोट वर आलं की थांबा, श्वास घ्या, मग उलटं वळून बूड सीटमध्ये आणि सगळ्यात शेवटी पाय आत. पोट, बूड, पाय, याच क्रमाने. घाई करून आधीच बसायला गेलात की पलीकडच्या बाजूने परत पाण्यात. नवशिके इथेच दोनतीनदा पडतात आणि तिथेच दमतात.

हे एकदा जमलं म्हणून सोडायचं नाही. दहा वेळा करा, डावीकडून आणि उजवीकडून, ज्या कपड्यांत गरवायला जाणार त्याच कपड्यांत, तेच जॅकेट घालून. मग तासभर वल्हवून दमून या आणि परत करा, कारण खरा पडण्याचा प्रसंग दमल्यावरच येतो. या सगळ्यात रॉड कुठेच नाही हे लक्षात आलं असेल. पहिल्या चारपाच फेऱ्या रॉड न घेता करा असं मी सांगतो तेव्हा लोकांची तोंडं उतरतात, पण रॉड असला की नजर रॉडच्या टोकावर राहते, पाण्यावर राहत नाही, आणि या चारपाच फेऱ्यांत तुम्हाला पाणी वाचायला शिकायचंय.

आता कयाक कुठली. वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप, यात वाद नको. मूळची कयाक आर्क्टिकमधल्या इनुइट आणि अल्यूट लोकांची, लाकडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणलेली, वरून बंद, शिकारी आत बसायचा आणि अंगातला कातड्याचा सदरा कयाकच्या तोंडाला बांधून टाकायचा म्हणजे पाणी आत जायचं नाही. उलटली तर वल्ह्याच्या फटक्याने आतल्याआत परत सरळ. ते लोक लहानपणापासून ते शिकायचे. आपण नोकरीधंदा सांभाळून सुट्टीच्या दिवशी जाणारी माणसं, आपल्यासाठी 1970 च्या दशकापासून आलेली ही वर बसायची जात बरी. आत पाणी भरून बुडण्याची भीती कमी, डेकवर आलेलं पाणी स्कपर होलमधून, म्हणजे आरपार भोकांतून, आपोआप खाली जातं, आणि पडल्यावर परत चढता येतं.

दहा फुटी चालेल का तर बंद खाडीत, शांत उपसागरात चालेल. मोकळ्या समुद्रात बारा ते चौदा फूट लांब आणि साधारण 28 ते 33 इंच रुंद अशी बघा. लांबीने वेग येतो आणि सरळ रेषेत चालते, रुंदीने स्थिरपणा येतो पण वेग जातो. फार रुंद घेऊ नका, उभं राहून गरवण्याचे फोटो छान दिसतात, पण ते तळ्यातले असतात आणि वाऱ्याच्या तोंडावर तसली पाट वल्हवत परत येताना खांदे गळून पडतात. कंपनी जी वजनाची क्षमता लिहिते ती शेवटची मर्यादा समजा, तुमचं वजन अधिक सामान मिळून तिच्या सत्तर टक्क्यांच्या आत ठेवा. सामान म्हणजे पाणी, बर्फ, नांगर, बॅटरी, रॉड, सहज पंचवीस किलो होतं.

आणि एक गोष्ट जी दुकानात कोणी सांगत नाही ती म्हणजे ही धूड एकट्याने गाडीच्या टपावर चढवता येते का ते बघा. रिकामी बारा फुटी कयाक पंचवीस ते पस्तीस किलोची असते, पेडलवाली त्याहून जड. जाताना उत्साहात चढते, सहा तास उन्हात बसून आल्यावर त्याच कयाकचं वजन दुप्पट वाटतं, आणि उचलायला जड आहे म्हणून घरीच पडून राहिलेल्या कयाक मी बऱ्याच बघितल्यात. चाकाची छोटी ट्रॉली पहिल्या दिवसापासून घ्याच.

पेडलचं विचारलं नाहीत पण विचाराल. 1997 मध्ये होबी या कयाक कंपनीने मिराज ड्राइव्ह आणला, खाली माशाच्या परांसारखे दोन पंख, पाय मारले की पुढे. हात मोकळे राहतात, गरवायला मजा येते, वाऱ्यात जागेवर थांबता येतं. पण किंमत जास्त, वजन जास्त, उथळ पाण्यात आणि शेवाळात अडकतं, आणि लाटांतून किनाऱ्याला लागताना ते पंख वर घ्यायला विसरलात तर मोडतात. शिवाय बिघडलं तर वल्हं लागतंच. म्हणून पहिली कयाक वल्ह्याची घ्या, वल्हवता यायलाच हवं.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, माझ्या पहिल्या दोन्ही जुन्याच होत्या. स्कपर होलच्या आतल्या कडा बोट फिरवून बघा, तडे तिथे जातात. मागच्या टोकाखाली फरफटवून प्लास्टिक पातळ झालंय का बघा. वर्षानुवर्षं उन्हात पडलेली असेल तर रंग खडूसारखा हाताला लागतो, ती सोडा. शक्य असेल तर ड्रेन प्लग, म्हणजे कयाकच्या पोटातलं पाणी काढायच्या भोकाचं बूच, लावून आत दोन बादल्या पाणी ओता आणि बाहेरून कुठे झिरपतंय ते बघा. ड्रेन प्लगवरून आठवलं, तो न लावता समुद्रात जाणं हा प्रकार एकदा तरी सगळ्यांच्या हातून होतो. कयाक सुस्त वाटायला लागली, वळायला वेळ लावतेय, जरा कललं की तशीच कलून राहतेय असं वाटलं तर आत पाणी आहे असं समजा आणि ताबडतोब किनारा गाठा. ते पाणी एका जागी राहत नाही, तुम्ही डावीकडे कललात की तेही डावीकडे धावतं. मी आता प्लग गाडीच्या किल्लीलाच बांधून ठेवतो, गाडी बंद करताना हातात येतो.

लाइफ जॅकेट फोमचं, 50 न्यूटनचं, वल्हवणाऱ्यांसाठी बनवलेलं. पाठीचा फोम वर असलेलं घ्या नाहीतर सीटच्या पाठीला टेकून जॅकेट सारखं कानापर्यंत वर येतं. अंगात घालायचं आणि पट्टे आवळायचे. सीटमागे अडकवलेलं जॅकेट पडल्यावर घालता येत नाही, प्रयत्न करून बघा त्याच छातीएवढ्या पाण्यात, समजेल.

कपडे पाण्याच्या तापमानाप्रमाणे, हवेच्या नाही. पाणी 15 अंशांच्या खाली असेल तर अचानक पडल्यावर पहिलं मिनिट श्वासावर ताबाच राहत नाही, धापा लागतात, त्यानंतर हातपाय नीट चालतात ते साधारण दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला तासभर. बर्फगार पाण्याचा हा ढोबळ हिशोब आहे, पण त्यातली दहा मिनिटं लक्षात ठेवा, वर चढायचं ते तेवढ्यात. अशा पाण्यात वेटसूट किंवा ड्रायसूट, म्हणजे अंग गरम ठेवणारा पाण्यातला पोशाख, त्याशिवाय जाऊच नका. पाणी कोमट असेल तिथे उलटा त्रास, ऊन वरून आणि पाण्यावरून परतून असं दोन्हीकडून लागतं, लांब बाह्यांचा पातळ शर्ट, मान झाकणारी टोपी आणि निदान दोन लिटर पाणी. माणूस उन्हाने गुंगला की निर्णय चुकायला लागतात आणि ते त्याला कळत नाही.

मदत मागायचं साधन अंगावर पाहिजे, कयाकवर नाही, कारण तुम्ही आणि कयाक वेगळे झालात की त्याची सगळ्यात जास्त गरज पडते. वॉटरप्रूफ हातातला व्हीएचएफ रेडिओ सगळ्यात चांगला, चॅनल 16 वर बोललेलं आजूबाजूच्या बोटी आणि तटरक्षक दोघांनाही ऐकू जातं, मात्र परवान्याचे नियम देशोदेशी वेगळे, ते आधी बघून घ्या. फोन पाऊचमध्ये घेता येतो पण ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही हे घरी नळाखाली हात धरून एकदा करून बघा. शिट्टी जॅकेटला बांधलेली. आणि घरी एका माणसाला स्पष्ट मेसेज: कुठून उतरतोय, कुठल्या दिशेला जातोय, कयाकचा रंग काय, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. "येतो दुपारपर्यंत" याला मेसेज म्हणत नाहीत.

वारा. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण माझी सगळ्यात वाईट सकाळ वाऱ्यामुळे गेली, लाटेमुळे नाही.

शाळेत खारे वारे मतलई वारे शिकलो आपण, परीक्षेपुरतं. कयाकवर ते पोटात गोळा आणतात. रात्री जमीन लवकर थंड होते म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दिवस चढला की उलटा, समुद्राकडून जमिनीकडे, तो खारा, आणि दुपारी तो जोर धरतो. आता गंमत अशी की मतलई वाऱ्यात किनाऱ्यालगतचं पाणी एकदम गुळगुळीत दिसतं, कारण मागच्या टेकडीच्या, झाडांच्या आडोशात तुम्ही असता आणि लाट उठायला वाऱ्याला अंतरच मिळालेलं नसतं. नवीन माणूस म्हणतो वा काय दिवस आहे. मीही म्हटलं होतं. गरवत बसलो, वाऱ्याबरोबर आरामात सरकत होतो, दोन चांगले मासेही लागले, आणि मान वर केली तेव्हा किनाऱ्यावरची माणसं दिसेनाशी झालेली. वळलो तर तोंडावर वारा आणि छोट्या तीक्ष्ण लाटा. दीड किलोमीटर असेल फारतर. एरवी वीस-पंचवीस मिनिटांचं काम, त्या दिवशी दोन तास लागले. वल्हं मारलं की हातभर पुढे आणि दम खायला थांबलो की दोन हात मागे. थांबताच येत नव्हतं. घोटभर पाणी पिण्याएवढी उसंतही मी घेतली नाही.

त्या दिवसापासून नियम असा की जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा असेल तर पहिली दोन वर्षं उतरायचंच नाही, कितीही शांत दिसू दे. वारा समुद्राकडून किंवा किनाऱ्याला समांतर असेल आणि दहा नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण साडेअठरा किलोमीटरच्या, आत असेल तर जा. अंदाजात दहा असेल आणि झोत सोळाचे लिहिले असतील तर सोळा धरा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, त्यामुळे आठ नॉटमध्ये निवांत वल्हवणारा माणूस सोळा नॉटमध्ये हतबल होतो. डोळ्यांनी ओळखायचं तर लाटांच्या डोक्यावर तुरळक पांढरं दिसायला लागलं की नवशिक्याची मर्यादा आली, जिकडेतिकडे पांढरं दिसत असेल तर तुम्ही आत्तापर्यंत किनाऱ्यावर असायला हवे होतात. आणि जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा म्हणजे दमून परत येताना वारा पाठीशी. साधं आहे पण मासे कुठे पलीकडे उसळताना दिसले की सगळे विसरतात, मीसुद्धा.

भरती-ओहोटी तुम्हाला किनाऱ्यावरून गरवल्यामुळे माहीत असणार, पण खडकावर बसून भरती म्हणजे पाण्याची उंची आणि कयाकवर भरती म्हणजे पाण्याची ओढ. भरती ते ओहोटी साधारण सहा तास, पण पाणी सारख्या गतीने उतरत नाही. बारा भाग करा, पहिल्या तासात एक, मग दोन, मग तीन, तीन, दोन, एक. समजा फरक 4.8 मीटरचा आहे तर पहिल्या तासात पाणी जेमतेम 40 सेंटिमीटर उतरतं आणि तिसऱ्या-चौथ्या तासात दर तासाला 1.2 मीटर. म्हणजे मधल्या दोन तासांत ओढ सगळ्यात जास्त, आणि खाडीच्या तोंडाशी, दोन बेटांच्या मध्ये, भूशिराच्या टोकाला ती आणखी वाढते. कयाकचा दिवसभर टिकणारा वेग तीन नॉटच्या आसपास. समोरून तीन नॉटची ओढ आली तर तुम्ही घाम गाळत एकाच खडकाकडे बघत बसणार. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, तेव्हा हे सगळं जास्त, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा कमी. शिकायला भांगाचे दिवस घ्या. आणि वारा एकीकडून, ओढ बरोबर उलटीकडून अशी वेळ टाळा, अर्ध्या तासात सपाट पाणी उभ्या लाटांचं होतं.

मग किती आत जायचं. कयाकवर बसल्यावर डोळे पाण्यापासून जेमतेम 80 सेंटिमीटर वर असतात, क्षितिज तीन-सव्वातीन किलोमीटरवर येतं, आणि थोडी जरी लाट असली तर त्याहून फार कमी दिसतं. दुसऱ्याला तुम्ही त्याहून कमी दिसता. पंधरा नॉटने येणारं जहाज एक सागरी मैल चार मिनिटांत कापतं आणि त्यावरच्या माणसाला तुम्ही म्हणजे पाण्यावरचा एक ठिपका, म्हणून जहाजांच्या मार्गात जायचंच नाही. आडवी आलेली बोट मोठी असो छोटी असो, तिच्यावरच्या माणसाने आपल्याला पाहिलेलं नाही असंच धरून चाला. उंच काठीवर झेंडा लावा, वल्ह्याची पाती भडक रंगाची घ्या, लांबून सगळ्यात आधी तीच लुकलुकताना दिसतात. काळोखात सध्या जाऊ नका, पण उशीर होऊ शकतो म्हणून पांढरा प्रकाश देणारी टॉर्च हाताशी असलीच पाहिजे, आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतही वल्ह्याच्या होडीला निदान एवढं तरी सांगितलंय. आकडाच हवा असेल तर पहिला सीझन पाचशे मीटरच्या आत, एखाद्या उपसागराच्या कुशीत. तसंही कयाकचा फायदा लांब जाण्यात नाहीये. मोठ्या बोटी खडकांना घाबरून जिथे येत नाहीत आणि किनाऱ्यावरून फेक पोहोचत नाही ती मधली पट्टी, तिथे मासे असतात आणि तिथे आपण एकटेच असतो.

लाटांतून निघताना आणि लागताना रॉड आडवे बांधलेले किंवा आत ठेवलेले, वल्हं आणि रॉड कयाकला बांधायच्या दोऱ्या सोडलेल्या, लाटेत उलटलो तर त्याच दोऱ्या पायात गुरफटतात. पुढे गेल्यावर परत बांधा. पाच मिनिटं उभं राहून लाटा बघा, मोठ्या लाटांची रांग येते मग थोडी उसंत, त्या उसंतीत निघायचं आणि निघालं की थांबायचं नाही. परत येताना जास्त जण उलटतात, दमलेले असतात आणि मासे दाखवायची घाई असते. लाट मागून आली आणि कयाक आडवी झालीच तर लाटेच्या बाजूला कला, किनाऱ्याच्या बाजूला नाही. आणि खाली उतरलात की कयाक आणि किनारा यांच्या मध्ये कधीही उभं राहू नका, पाण्याने भरलेली कयाक पुढच्या लाटेबरोबर गुडघ्यावर येते, तो गुडघा परत पहिल्यासारखा होत नाही.

चला, आता रॉड.

किनाऱ्यावरचे दहा-बारा फुटी रॉड इथे बिनकामाचे. साडेसहा-सात फूट, बुंधा आखूड. त्याहून लहान नको कारण मासा कयाकखालून पलीकडे गेला की रॉडचं टोक पुढच्या टोकावरून फिरवून पलीकडे न्यावं लागतं, तेवढी लांबी हवी. रील मध्यम, वीस-तीस पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, पुढे दोन-तीन मीटर फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाकडचा पारदर्शक दोरीचा तुकडा. दोनच रॉड न्या. माझ्या पहिल्या वर्षी मी चार नेत होतो आणि अर्धा दिवस गुंता सोडवण्यात जायचा. फिशफाइंडर पहिल्या दिवशी नको. सहा महिने पाणी वाचा, पाण्याचा रंग कुठे बदलतो, पक्षी कुठे सूर मारतात, दोन प्रवाह कुठे मिळून फेसाची रेघ तयार होते. मग घेतलात तर त्याच्या पडद्यावरचं कळेल तरी. तोवर खोली बघायला शिसं तळाला लागेपर्यंत सोडा आणि किती दोरी गेली ते मोजा.

सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे एक डुबी मारणारा ल्युअर, म्हणजे खोटा मासा, मागे पंचवीस-तीस मीटर सोडून खडकांच्या कडेने सावकाश वल्हवत राहणं. दोन ते तीन नॉट, म्हणजे आपला नेहमीचाच वेग, जागा बदलता बदलता गरवणं होतं. लहान मासे उसळत असतील तिथे छोटा जिग, म्हणजे धातूचा जड खोटा मासा, सरळ खाली सोडा.

मासा लागला की किनाऱ्यावरच्या सवयी तुम्हाला पाण्यात टाकणार आहेत. तिथे आपण पाय रोवून रॉड मागे खेचतो, इथे रोवायला काही नाही. पहिला जरा बरा मासा लागला की रीलचा कर्रर्र आवाज येतो, रॉड वाकतो, आणि मग एक विचित्र गोष्ट होते, कयाकच हळूहळू माशाकडे वळायला लागते. वळू द्या. रॉड पुढच्या टोकाच्या दिशेला ठेवा म्हणजे तो तुम्हाला सरळ ओढेल, ओढत नेण्यातच तो दमतो. रॉड आडवा बाजूला धरून जोर लावलात तर तो जोर कयाकला त्याच बाजूला कलवतो. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, घट्ट नको. शेवटी मासा जवळ आला की दोन्ही पाय दोन्ही बाजूंनी पाण्यात सोडा, घोड्यावर बसल्यासारखे, एवढ्याने किती स्थिर वाटतं ते करून बघा. नाक आणि बेंबी एका रेषेत ठेवा, मासा हाताशी येईपर्यंत थांबा, त्याच्यासाठी वाकायला जाऊ नका. जाळीत आधी डोकं.

आणि जाळीत आलेलं लगेच मांडीवर घेऊ नका. शिंगाळ्याचा काटा, पाकटाची शेपटी, आणि ओळखू न येणारा कुठलाही काटेरी मासा, तुमच्या दोन्ही मांड्या उघड्या आहेत आणि पळायला जागा नाही. शंका आली की बाजूलाच दोरी कापा. विषारी काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम, 45 अंशांच्या आसपासच्या पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास ठेवतात, वेदना उतरते, पण काटा खोल असेल किंवा पोटाला-छातीला लागला असेल तर थेट डॉक्टर. गळाचे उलटे काटे पकडीने दाबून टाका, माशाच्या तोंडातून आणि तुमच्या बोटातून, दोन्हीकडून गळ लवकर निघतो.

नांगर पहिलं वर्ष नको, वाऱ्याबरोबर वाहत गरवा, हवं तर छोटी पाण्यातली छत्री सोडून वेग कमी करा. लोक जोरदार ओढीत कयाकच्या बाजूलाच नांगर बांधतात, दोरी ताणली की कड पाण्याखाली जाते आणि मग कसलाच अवधी मिळत नाही. नांगर टाकायचाच तर टोकाकडून, झटक्यात सुटेल अशा गाठीने, आणि चाकू हाताशी.

घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवा, पण रीलवर जोराची धार नको, मीठ आत ढकललं जातं. हॅच उघडी ठेवून वाळवा.

आता या सुट्टीला कोणाची तरी कयाक उधार मिळवा, दहा फुटी असली तरी चालेल, आणि छातीएवढ्या पाण्यात पडायला जा. दहा वेळा चढून झाल्यावर अकराव्या वेळी किती दम लागला ते कळवा, मग रॉडहोल्डर कुठे ठोकायचे ते बोलू.